आमच्या स्कूबाच्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

अंदमानहून परतल्यावर तुम्हाला फोन केला होता, पण तुम्ही बोटीवर होतात, मागे इंजिनाचा आवाज होता, आणि आभार काही ओरडून मानता येत नाहीत. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे. पन्नाशी ओलांडल्यावर लेकीबरोबर समुद्रात उतरायचं मनात असलेल्या माझ्यासारख्या बायका पुष्कळ आहेत, त्यांच्याही नजरेस पडावं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, की जानेवारीत अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर जायचंय, त्याआधी थोडा सराव करून द्याल का. तलावात दोन बुड्या मारायला लावून तुम्हाला मला वाटेला लावता आलं असतं. तुम्ही समोर बसवून नीट समजावलंत. पर्यटकांना नेतात त्या डाइव्हमध्ये शिक्षक सगळा वेळ आपल्याला धरून असतो, फार तर १२ मीटरपर्यंत नेतो, पोहता आलं नाही तरी चालतं. ओपन वॉटरचा कोर्स केला तर कार्ड मिळतं आणि जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर उतरता येतं. "काकू, तिकडची सुट्टी वर्गात कशाला घालवता? इथूनच शिकून जा," असं तुम्ही म्हणालात. पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद असतो तेव्हा तुम्ही पुण्यात तलावावर शिकवता, हे माझं नशीब. थिअरी आणि तलावातला भाग इथे झाला, समुद्रातल्या चार डाइव्ह दिवाळीनंतर मालवणला.

तब्येतीच्या फॉर्मवर रक्तदाबाच्या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिलं, तर डॉक्टरांची सही आणेपर्यंत तुम्ही मला पाण्यात पाऊल टाकू दिलं नाहीत. तेव्हा मनातून चिडले होते. आज पहिले आभार त्याचेच.

शिकवणं म्हणजे काय, ते तुमच्या त्या पाण्याच्या बाटलीने मला दाखवलं. रिकामी बाटली बूच लावून तुम्ही तलावाच्या खोल टोकाला नेलीत, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती चेपत गेली. मग तिथेच बूच काढून ती उलटी धरलीत, रेग्युलेटरची, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या नळीची, हवा तिच्यात भरलीत आणि माझ्या हातात देऊन वर जायची खूण केलीत. जसजसे वर आलो तसतशी ती हवा फुगून तोंडातून बुडबुड्यांनी बाहेर पडू लागली. पाच मीटरला दाब पृष्ठभागाच्या दीडपट, दहा मीटरला दुप्पट, हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण वर येताना श्वास का रोखायचा नाही, ते त्या बुडबुड्यांनी कळलं. बाटलीला तोंड उघडं होतं. श्वास रोखला तर छातीतल्या हवेला जागा कुठली!

आणि मास्क. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, नाकाला पाणी लागलेलं, समोर सगळं धूसर, आणि श्वास मात्र तोंडातल्या रेग्युलेटरने चालू ठेवायचा. नाकात पाणी गेलं की सगळं अंग वर पळायला बघतं. तुम्ही समोर गुडघे टेकून बसला होतात, एक हात माझ्या दंडावर, दुसऱ्या हाताने सावकाश आत, सावकाश बाहेर, अशी खूण. मास्क लावायची घाई तुम्ही केली नाहीत. आधी माझा श्वास बसू दिलात. मग मास्क लावून वरची कड कपाळावर दाबली, मान किंचित वर केली, नाकाने लांब श्वास सोडला आणि पाणी खालच्या कडेने निघून गेलं. जमलं! तरी पुढच्या वेळी तुम्ही तेच करायला लावलंत, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "मी बाजूला नसेन असं धरून शिका."

सर, खरे आभार आहेत ते या वाक्याचे. इतर कोणी मला धीर दिला असता, "मी आहे ना" म्हटलं असतं. तुम्ही नसताना मला जमलं पाहिजे, याची काळजी तुम्ही घेतलीत.

मालवणच्या समुद्रात हाताच्या पलीकडचं धड दिसत नव्हतं. लेक कुरकुरली, पण माझ्या मते शिकायला तेच पाणी चांगलं. तिथे जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही ही सवय लागते. हवेचा काटा दर थोड्या वेळाने बघायचा, टाकीत ५० बार दाबाची हवा राखून वर यायचं, पाच मीटरला तीन मिनिटं थांबायचं, हे सगळं तिथेच अंगवळणी पडलं.

हॅवलॉकला 'द वॉल'वर उतरलो. प्रवाळाने भरलेली कडा खाली निळ्या अंधारात जाते, मोह होतोच. माझी मर्यादा १८ मीटर, हे बोटीवरच गाइडला सांगून ठेवलं होतं. तिथे लेकीच्या पायातला फिन (पोहायचा पंखा) माझ्या मास्कला लागला आणि मास्क पाण्याने भरला. मी थांबले, श्वास बसू दिला, कड दाबली, पाणी काढलं. लेक वळून बघते तोवर मी ओकेची खूण करत होते. वर आल्यावर ती म्हणाली, "आई, तू घाबरली नाहीस?" काय सांगणार तिला, माझा हात दंडावरच्या त्या हाताची आठवण ठेवून हलत होता.

परतीच्या विमानाआधी १८ तास तरी डाइव्ह नको, हेही पाळलं. शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवला. मला वाटतं, तो दिवस तिथे द्यायलाच हवा होता.

आता एक काम. माझी भाची पुढच्या पावसाळ्यात तुमच्याकडे शिकायला येते आहे. तिला कानाचा त्रास आहे, विमानातसुद्धा दुखतात. डॉक्टरांना आधी दाखवायला सांगितलं आहे, चिठ्ठी घेऊनच येईल. खाली उतरताना कान मोकळे करायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि दुखायची वाट न बघता दर मीटरला, हे मी घरी सांगून ठेवलंय, पण ती जरा घाईची आहे. तिला अजिबात घाई करू देऊ नका. आणि तिनेही बाटली वर घेऊन यावी, असं मला वाटतं.

तुमच्या आईबाबांना नमस्कार सांगा.

तुमची विद्यार्थिनी,
कोथरूडच्या काकू