गोकुळ शिरगावला रुजू होण्यापूर्वी

शिरोली, कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. पुण्यातील नोकरी सोडून गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, प्लँट हेड म्हणून येण्याचा तुझा निर्णय वाचून मनापासून आनंद झाला. पहिल्या वर्षात नेतृत्व सिद्ध करण्यासाठी काय करावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते एकाच गोष्टीवर नजर ठेव : कारखान्यातील वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती लवकर पोहोचते.

कास्टिंगमधील ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या धातूत वायू अडकून राहिलेली पोकळी, बहुधा वरून दिसत नाही. ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये वरचा थर निघाला की ते उघडे पडते आणि तोवर बिल झालेले असते, शिवाय त्याच वाळूचे पुढचे कितीतरी मोल्ड (साचे) ओतूनही झालेले असतात. पुष्कळदा याचे मूळ साच्याच्या वाळूतील जादा ओलीत असते. वाळूत ओल जास्त आहे हे प्रयोगशाळेच्या अहवालाआधी कळते ते सँड प्लँटवरच्या माणसाला. तो मूठभर वाळू दाबतो, तिचा गोळा मोडून पाहतो आणि मान हलवतो. भट्टीत सुमारे १४०० अंशांवर धातू तयार आहे, पार्टीचा ट्रक दारात उभा आहे, आणि अशा वेळी त्याने ‘साहेब, आज ओतू नका’ म्हटले, तर तू काय करशील? त्याला तू एकदा जरी चारचौघांत झापलेस, तर पुढच्या वेळी तो मान खाली घालून काम करील आणि ती वाळू तुला थेट रिजेक्शनच्या आकड्यात भेटेल. शिवाय हे कोल्हापूर आहे. दुपारी शॉपवर झालेला पाणउतारा संध्याकाळी रंकाळ्यावर चर्चेला आलेला असतो.

माणसे साहेबाचे बोलणे ऐकतात त्याहून त्याचे बसणे-उठणे अधिक पाहतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले ते तर सर्वांना ठाऊक आहे. पण अस्पृश्यतेविरुद्ध नुसता हुकूम काढून न थांबता महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तू तुझा चहा केबिनमध्ये मागवतोस की फेटलिंगवाल्यांबरोबर (कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांबरोबर) घेतोस, याची नोंद पहिल्या आठवड्यातच होईल.

आणखी एक गोष्ट पुण्यात तुला फारशी जाणवली नसेल. इथल्या कामगारांपैकी बरेच जण शेतकरीही आहेत. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, गावोगावच्या जत्रा, उसाची तोड, या दिवसांत हजेरी घटतेच, आणि त्यावरून चिडणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत. शेड्यूल लावताना संगणकाशेजारी पंचांगही ठेव.

पैशाचा हिशेब अकाउंट्सवर सोपवून मोकळा होऊ नकोस. उत्पादन चोख असूनही उधारीने बसलेले कारखाने आपल्या भागात आहेत. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. आयकराच्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावटही खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती होईल त्याच वर्षी मिळते. मोठ्या ग्राहकाला व्याजाची नोटीस पाठवण्याचे धाडस प्रत्यक्षात कुणी सहसा करत नाही, हे खरे. पण कायदा माहीत असलेला माणूस वसुलीच्या बैठकीत वेगळ्या आवाजात बोलतो. आणि तुमच्यासाठी पॅटर्न (साच्यासाठी लागणारे नमुने) करणाऱ्या लहान वर्कशॉपचे बिल तुमच्याकडे किती दिवस पडून असते, तेही पाहा.

पदनाम, गाडी, केबिन यांबद्दल तू बरेच लिहिले आहेस. ते यथावकाश ठरेल. नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी मालकांकडून गेल्या वर्षाचे महिनावार रिजेक्शन आणि येणे बाकीची यादी मागून घे. ती द्यायला टाळाटाळ झाली तर मला लगेच फोन कर, मग पुण्याचा राजीनामा द्यायचा की नाही ते बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिरोलीकर मित्र