आईचा तिळगुळाचा डबा रिकामा झाला

ग्वाल्हेर, १४ जानेवारी

ती. आई-बाबा, सा. न. वि. वि.

पोचल्याचं फोनवर सांगितलंच होतं, पण फोनवर आई जेवलीस का आणि बाबा गाडीनं ॲव्हरेज किती दिलं याच्या पुढं जात नाही आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, सगळ्यात आधी एक वाचून घ्या, दौलतगंजचे काका तुमच्यावर रागावलेले नाहीत. अजिबात नाहीत. खाली सगळं नीट सांगते.

आई, त्या दिवशी सकाळी निघताना मी मागं वळून बघितलं नाही. तुला वाटलं असेल घाईत आहे. तसं नव्हतं गं, वळून बघितलं असतं तर गाडी सुरूच केली नसती. हालोल येईपर्यंत डोळे पुसत चालवत होते, मग पावागड दिसला आणि जरा बरं वाटलं. बदली झाल्यापासून सगळे मला शाबासकी देतायत, प्रमोशन आहे, एकटी एवढी गाडी नेतेयस वगैरे, पण तुम्हाला दोघांनाच बडोद्याला दांडिया बाजारात सोडून जाणं मला जड गेलंय, ते तुम्हाला माहीत असावं.

गोध्र्याला टायरची हवा चेक केली, बाबांनी सांगितलं होतं तशी. दाहोदला चहा. झाबुआच्या पुढं माछलिया घाटात ट्रकच्या मागं हळूहळू गेले, ओव्हरटेकच्या भानगडीत पडले नाही. धार लागलं तेव्हा बाबांची आठवण आली, दुसऱ्या बाजीरावाचा जन्म इथल्या किल्ल्यातला, १७७५चा, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंय. इंदूरपर्यंत ३५० किलोमीटरच्या आसपास झाले.

इंदूरला माझी हॉस्टेलवाली मैत्रीण, आई तुला आठवते ना, युनिव्हर्सिटीत होतो तेव्हा दर रविवारी आपल्याकडे जेवायला यायची आणि वरणफळं मागून मागून खायची, ती. लोकमान्य नगरात गाडी लावेपर्यंत दारातूनच ओरडली, "अगं मी दुपारपासून वाट बघून राहिलीय!" तिचं मराठी आता पक्कं इंदुरी झालंय आणि मला ते फार गोड वाटतं. रात्री सराफ्यात घेऊन गेली. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, गर्दी एवढी की धक्क्यानं पुढं सरकायचं. थंडीत तिथं गराडू मिळतो, सुरणासारखा कंद असतो, तुकडे खरपूस तळतात आणि वर जिरावण मसाला आणि लिंबू. तुम्हा दोघांना खायला घालायचाय. तिला तुझ्या तिळाच्या वड्या दिल्या तर तिनं एक खाल्ली आणि बाकीच्या कपाटात ठेवल्या, म्हणाली या मी कुणाला देणार नाही.

दुसऱ्या दिवशी देवासला मावशीकडं. आई, मावशी थकलीय. चालताना भिंतीचा आधार घेते. पण तंबोरा अजून खोलीत कोपऱ्यात आहे, गवसणी धुतलेली, इस्त्री केलेली. वडी तोंडात टाकली आणि लगेच म्हणाली, "वेलदोडा जास्त घालते ती, पहिल्यापासून." मग इथल्या, ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयातल्या गोष्टी सांगत बसली, तुम्ही दोघी एकाच सायकलवरून जायचात, ही डबलसीट आणि तू चालवायचीस, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस! तिला तुझा आवाज ऐकायचाय. गायलीच पाहिजेस असं नाही, पण दोन ओळी गुणगुणून फोनवर रेकॉर्ड करून पाठव ना. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८मध्ये क्षयाचं दुखणं घेऊन ज्या गावी हवेसाठी आले ते हे गाव, म्हणून टेकडीच्या रस्त्यावर त्यांचं घर, भानुकुल, बाहेरून बघून आले, तुझ्या वतीनं.

गुण्याला बाबांच्या रिफायनरीतल्या जोडीदारांच्या घराला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले दिवाळीपासून ते मुलाकडं बंगळुरूला असतात. तिळगुळ शेजाऱ्यांकडंच देऊन आले. पुढं धुकं इतकं दाटलं की समोरच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते, कसंबसं शिवपुरी गाठलं आणि मुक्काम केला. सकाळी तात्या टोपेंना १८५९मध्ये फाशी दिलं त्या जागी जाऊन हात जोडले.

आता काकांचं.

बाबा, १९७४ला तुम्ही ग्वाल्हेर सोडलंत तेव्हा काका स्टेशनवर आले होते आणि गाडी हलेपर्यंत तुमची वळकटी धरून उभे होते हे तुमच्याकडून ऐकलंय. आणि गेली दोन वर्षं तुम्ही म्हणताय की तो आता बोलत नाही, फोन उचलतो, हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो, कशाचा तरी राग धरलाय. बाबा, काकांना ऐकूच येत नाही. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्यात मशीन आहे पण फोन लावला की त्यात नुसती शिट्टी वाजते. तुमचं नाव स्क्रीनवर दिसतं म्हणून ते प्रत्येक वेळी उचलतात. काकू म्हणाल्या, फोन ठेवला की बराच वेळ तसेच बसून राहतात.

त्यांच्या खुर्चीशेजारी शाळेतली असते तशी पाटी आहे, लाकडी चौकटीची, आणि वाटीत पेन्सिली आणि ओलं फडकं. येणाऱ्यानं पाटीवर लिहायचं, ते वाचतात, उत्तर देतात आणि पुसून पाटी परत पुढं करतात. मी कोण ते लिहिलं, गाडी घेऊन आले ते लिहिलं, पुसलं. मग मी लिहिलं, "बाळू विचारतो, रागावलास का?" त्यांनी वाचलं. चष्मा काढला, परत लावला, परत वाचलं. फडकं हातात घेतलं होतं पण पुसलं नाही. पाटी तशीच भिंतीला टेकवून ठेवली आणि काकूंना म्हणाले, दुसरी पाटी काढ. मग मला म्हणाले, "फोन नको म्हणावं. चिठ्ठी लिही म्हणावं, पूर्वी लिहायचा तशी."

तर बाबा, आजच बसा. काळ्या पेननं, अक्षर मोठं काढा, डोळेही अधू झालेत त्यांचे. पत्ता मागच्या पानावर लिहिलाय. तुमचे हात थरथरतात म्हणून आईला लिहायला सांगू नका, वेडंवाकडं आलं तरी अक्षर तुमचंच हवंय त्यांना.

इथं मी तळमजल्यावरचंच घर बघतेय. पायऱ्या नाहीत, दारापर्यंत रिक्षा येते असं. मार्चमध्ये थंडी सरली की मीच न्यायला येईन, दाहोदला, इंदूरला, देवासला थांबत थांबत येऊ. बाबांचे गुडघे बघून रोज थोडंथोडंच अंतर कापू.

मुरैन्याची गजक आज पार्सल केलीय. आई, शुगरचं बघून, बाबांना रोज एकच तुकडा.

तुमची,
छकुली