ताई, तुमच्या त्या दोन रकान्यांसाठी

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते कमी पैशांत परदेशी निघालेल्या कुणाच्याही कामी येईल, आणि ते तुमच्याकडून आलंय हे चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून उघडपणे लिहितेय.

मी विचारलं होतं, स्वस्त तिकीट कुठे मिळेल? त्यावर तुम्ही वहीचं कोरं पान काढलंत आणि मधोमध रेघ मारलीत. डावीकडे निघण्याआधी जाणारे पैसे: विमान, व्हिसा, विमा. उजवीकडे रोज जाणारे: झोपणं, खाणं, शहरातली ये-जा. डावी बाजू एकदाच भरायची, उजवी दिवसागणिक वाढते. तेव्हा कात्री उजवीकडे लाव, म्हणालात. मग लाल पेन घेऊन माझ्या कच्च्या आराखड्यातल्या प्रत्येक गाव बदलण्याच्या दिवसाला गोल केलात. "सगळ्यात महाग दिवस हे." गाडीचं तिकीट, स्टेशनहून हॉस्टेलपर्यंतचं भाडं, बाहेरचं जेवण, आणि वर अर्धा दिवस वाया. स्वस्तात फिरायचं तर आधी गावं कमी करायची, हे इतकं साधं कुणी मला सांगितलं नव्हतं.

त्यातूनच माझा युरोपातला मार्ग ठरला: व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, क्राको. व्हिएन्नाला उतरायचं आणि क्राकोहूनच परतीचं विमान धरायचं, म्हणजे उलटा प्रवास नको. मुक्काम ब्रातिस्लाव्हाला करून व्हिएन्ना दिवसभरात बघून यायचं, कारण मध्ये रेल्वेचा जेमतेम तासाभराचा रस्ता आहे. व्हिएन्नाच्या नळांना डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं (पहिली जलवाहिनी १८७३ची!), तिथे बाटलीबंद पाणी विकत घेऊ नकोस, हेही तुम्हीच बजावलंत. बुडापेस्टहून क्राकोला रात्रीची गाडी, म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचलं.

व्हिसाच्या बाबतीत तर तुमचे उपकारच आहेत. शेंगेन व्हिसाचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज आपण जिथे प्रथम उतरतो त्या देशाकडे करायचा नसतो. जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस समसमान असतील तरच पहिल्या देशाकडे. माझा मोठा मुक्काम बुडापेस्टला, म्हणून अर्ज हंगेरीकडे, जरी पाऊल आधी ऑस्ट्रियात पडणार होतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत मिळणार नाहीत असं काहीही बुक करायचं नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा लिहून त्याखाली रेघ ओढली होतीत.

हॉस्टेलच्या सामायिक खोलीची मला धास्ती होती. तुम्ही ती हसण्यावारी नेली नाहीत. रिशार्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाची गोष्ट सांगितलीत: १९०९ साली सहलीला नेलेली मुलं वादळात अडकली, रात्र एका शाळेत काढावी लागली, आणि त्यातून सुचलेल्या कल्पनेवर १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युथ हॉस्टेल उभं राहिलं. गोष्ट संपल्यावर लगेच कामाचं बोललात. फक्त बायकांची खोली निवड, स्वतःचं कुलूप ने, स्वयंपाकघर आहे का बघ, पहिली रात्र आधीच ठरवून ठेव आणि तिथे उजेडी पोच. मी बिनधास्त झोपले, ताई.

पाठीवरची बॅग तुम्ही माझ्याकडून कशी भरून घेतलीत ते तर कायमचं लक्षात राहील. जड वस्तू पाठीला लागून, मधल्या उंचीवर. झोपायचे कपडे तळाशी. पॉवरबँक हातातल्या पिशवीत, कारण ती विमानाच्या पोटात टाकायला बंदी आहे. बॅग चढवल्यावर आधी कमरेचा पट्टा कचकन आवळलात, मग खांद्याचे पट्टे जरा सैल केलेत. त्या क्षणी खांद्यावरचं ओझं उतरून कंबरेवर बसलं आणि मला श्वास घेता आला.

आणि बुडापेस्टचं एटीएम! पडद्यावर विचारणा आली: रक्कम तुमच्या देशाच्या चलनात वळती करू का? तुमचं सांगणं आठवलं, नाही म्हणायचं, नेहमी तिथलंच चलन निवडायचं. मी फोरिंट निवडले. यंत्राने लावलेला दर बहुधा आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो, हे माहीत नसतं तर दर वेळी थोडे थोडे पैसे गेले असते आणि मला पत्ताही लागला नसता.

तुम्ही यातल्या कशाचाही मोबदला घेतला नाहीत. आपल्या कामाच्या धबडग्यातून रात्री वेळ काढलात, माझे तेच तेच प्रश्न ऐकलेत, एकदाही चिडला नाहीत. त्यासाठी मनापासून आभार.

आता तुम्ही बल्गेरियाचा बेत आखताय, तर माझ्याकडून एवढं घ्या. तुमच्या जुन्या टिपणातलं लेव्ह हे तिथलं जुनं चलन खोडून टाका. १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो. शिवाय २०२५च्या सुरुवातीपासून तो देश पूर्णपणे शेंगेनमध्ये आलाय, त्यामुळे कुठल्याही १८० दिवसांत शेंगेनमध्ये जे जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यात तिथले दिवसही धरावे लागतील. रकाने भरून झाले की पान पाठवा. लाल पेन या वेळी माझ्याकडे.

तुमची,
धाकटी मैत्रीण