शिक्षा प्रशिक्षकांच्या खिशाला लागावी

महोदय,
अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांचे डावपेच सांगणारे इशारे चोरल्याप्रकरणी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या निकालावरील लेख वाचला. संघावर स्पर्धाबंदी घातली नाही, हे योग्यच झाले. २०१२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ बाराही सामने जिंकूनही आधीच्या नियमभंगासाठीच्या बंदीमुळे हंगामाअखेरच्या लढतींना मुकला. तो नियमभंग दडवणारे तेव्हाचे प्रशिक्षक जिम ट्रेसेल तर २०११ मध्येच राजीनामा देऊन मोकळे झाले होते. ही खेळाडूंवरची उघड अन्यायाची गोष्ट होती. मात्र मिशिगनचे तत्कालीन मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांच्यावरील १० वर्षांचे निर्बंध महाविद्यालयीन खेळापुरतेच आहेत आणि ते २०२४ मध्येच व्यावसायिक लीगमध्ये गेले. दंड विद्यापीठ भरणार. नियमभंग सिद्ध झाल्यास मानधन परत घेण्याची अट प्रशिक्षकांच्या करारातच असायला हवी.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, पुणे