मी न घेतलेल्या कर्जाबद्दल अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,
सादर नमस्कार.

गृहकर्जाचा अर्ज घेऊन मी बँकेत बसलो होतो. समोरच्या अधिकाऱ्यांनी माझे कागद चाळले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "ही दोन पर्सनल लोन तुम्ही फॉर्ममध्ये लिहिली नाहीत." दोन्ही कर्जं ऑनलाइन कर्ज देणाऱ्या एकाच कंपनीची होती आणि एकाच आठवड्यात उघडलेली. खाली महिन्यांची ओळ होती: ०३०, ०६०, ०९०. हप्ता किती दिवस थकलाय, त्याचे ते आकडे. नाव, पॅन, जन्मतारीख सगळं माझं. मोबाइल नंबर मात्र माझा नव्हता, आणि पत्ता अशा शहरातला होता जिथे मी कधी पाऊल टाकलेलं नाही.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "सर, व्हेरिफिकेशनसाठी रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा." तो ओटीपी चोराच्या फोनवर गेला होता! हे त्याला समजावण्यात माझा पाऊण तास गेला आणि शेवटी त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "तुमच्या खात्यातून पैसे गेले का?" नाही गेले. "मग तुमचं नुकसान काय?" माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी मध्ये दुसऱ्याची ओळख वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे मी छापून नेलं होतं. तिसऱ्या खेपेला तक्रार नोंदवून घेतली. त्या हवालदारांना मी फारसा दोष देत नाही. ज्या चोरीत काहीच नाहीसं होत नाही, ती चोरी कुणालाही लवकर दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. कुणी कुठलं कर्ज घेतलं आणि ते वेळेत फेडलं का, ही पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्याकडे आहेत, बँकेच्या स्क्रीनवरची नोंद अशाच रिपोर्टातली: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चारही ठिकाणी मी हरकत घेतली. पण पतमाहिती कंपन्यांसाठीच्या २००५च्या कायद्यानुसार या कंपन्या नोंद परस्पर बदलू शकत नाहीत. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिला तरच दुरुस्ती होते. म्हणजे ज्याने डोळे मिटून भलत्याला कर्ज दिलं, त्यालाच विचारायचं की बाबा रे, तुझं चुकलं का? त्याने कळवलं, "नोंद बरोबर आहे." माझी हरकत निकाली निघाली.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२३च्या परिपत्रकाप्रमाणे तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. कर्ज देणाऱ्या संस्थेला उत्तरासाठी २१ दिवस असतात. पण ही भरपाई उशिराबद्दल आहे. विसाव्या दिवशी आलेल्या चुकीच्या उत्तराला त्यात काहीच किंमत मोजावी लागत नाही. मला वेळेत नकार मिळाला, कारणासकट आणि नियमाप्रमाणे.

मी हट्टाने कर्जाचे कागद मागवले. पाच आठवड्यांनी पीडीएफ आली. त्यात माझ्या पॅनची झेरॉक्स आणि शेजारी अर्जदाराचा सेल्फी होता. पंचविशीतला मुलगा, दाट केस, मागे निळी भिंत. माझं वय एकावन्न आहे आणि केसांबद्दल न बोललेलं बरं. तो सेल्फी कुणीतरी एकदा जरी माझ्या पॅनवरच्या फोटोशेजारी धरून पाहिला असता, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. रकमेचंही तसंच. डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग ती ज्या खात्यात गेली, ते कुणी उघडलं? कंपनी हे एका ईमेलवर विचारू शकते. मी विचारलं, तर गोपनीयतेचा नियम आडवा येतो.

वसुलीवाल्यांनी मधला मार्गही सुचवला. "थोडे भरून सेटल करा, सिबिल क्लिअर होईल." होत नाही. 'सेटल्ड' हा शेरा पुढे कर्ज मागताना डाग म्हणूनच वाचला जातो, शिवाय आपण पैसे भरले म्हणजे कर्ज आपलंच होतं असं म्हणायला समोरचा मोकळा. हे वाचणाऱ्या कुणावर अशी वेळ आली, तर एक रुपयाही भरू नका. चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवत राहा.

महोदया, माझ्या बोटांचे ठसे मी आधारच्या साइटवर लॉक करू शकतो. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार फोनवरून बंद करता येतात. माझ्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं आणि 'हा नंबर माझा नाही' असं तिथेच कळवता येतं. माझ्या नावावर नवं कर्ज उघडू नये म्हणून लावायचं कायद्याने हक्काचं कुलूप मात्र नाही. अमेरिकेत इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली २०१७मध्ये. सप्टेंबर २०१८पासून तिथे हे कुलूप कायद्याने मोफत झालं. ऑनलाइन किंवा फोनवर मागितलं की कामकाजाच्या एका दिवसात लागतं, आणि स्वतःला कर्ज हवं असेल तेव्हा तासाभरात उघडतं. ओळखचोरीची नोंद पुराव्यासह कळवली, तर ती कामकाजाच्या चार दिवसांत रोखावी लागते. तिथे ही सोय देणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांची नावं आपल्या चारांतही आहेत. त्यांना हे जमत नाही, असं कसं म्हणायचं?

आपल्याकडे हे कुलूप एका अर्जावर चारही ठिकाणी लागावं. पोलीस तक्रार जोडलेली हरकत चालू असेपर्यंत ती नोंद पत ठरवणाऱ्या स्कोअरमध्ये धरू नये. आणि कर्ज मीच घेतलं हे कंपनीने सिद्ध करावं: फोटो माझा, खातं माझं, फोन माझा. २१ दिवसांत दाखवता आलं नाही, तर नोंद काढावी. आज मी घेतलं नाही हे मला सिद्ध करावं लागतंय, आणि न केलेल्या गोष्टीची पावती कुठल्याच खिडकीवर मिळत नाही.

माझा रिपोर्ट कुणी तपासला की आता एसएमएस येतो. चांगली सोय आहे. फक्त माझ्या नोंदीत आज दोन मोबाइल नंबर आहेत, आणि त्यातला एक अजून त्या चोराचाच आहे.

आपला नम्र,
न घेतलेल्या दोन कर्जांचा कर्जदार