खडक खरवडणारे लोखंडी दात

संपादक महोदय,

लोखंड वितळवायला भट्टी किती तापवावी लागते आणि विजेचे बिल किती येते, हे आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक फाउंड्रीवाल्याला ठाऊक आहे. समुद्रातला कायटन मात्र लोहखनिजाचे दात थंड पाण्यातच घडवतो. पाठीवर आठ तकटांचे कवच असलेला हा मऊ प्राणी खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याच्या तोंडातल्या पट्टीवर दातांच्या रांगा असतात. आधी कायटिनचा (किड्यांच्या कवचात असते त्या पदार्थाचा) मऊ साचा तयार होतो, मग फेरिटिन हे प्रथिन तिथे लोह पोचवते आणि त्याचे हळूहळू मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज बनते. दात काळेभोर, चुंबकाला ओढले जाणारे! या दातांत मॅग्नेटाइट असते, हे १९६२ मध्ये शास्त्रज्ञ हाइन्झ लोवेनस्टॅम यांनी दाखवून दिले. पुढची रांग झिजली की मागची पुढे सरकते.

लिंपेट या खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगायीच्या दातांत गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजाचे सूक्ष्म तंतू असतात. २०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी या दातांचे नमुने ताणून पाहिले, तेव्हा ताकद साडेसहा गिगापास्कलपर्यंत (गिगापास्कल हे ताण मोजायचे एकक) भरली. कोळ्याचे रेशीमही मागे पडले.

बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन या विषयावर प्रकल्प द्यावेत, अशी कळकळीची विनंती आहे. झीज न होणारी हत्यारे इथे रोज लागतात. सीमाभागातल्या मराठी शाळांच्या सहली मालवण-वेंगुर्ल्याला जातातच. ओहोटीच्या वेळी गुरुजींनी, बाईंनी भिंग घेऊन मुलांना खडकांवरचे हे प्राणी जरूर दाखवावेत; फक्त उपटून काढू देऊ नयेत.

– एक वाचक, बेळगाव