.२२ ची लिव्हर रायफल निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या छंदांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात खारी-सशांच्या शिकारीसाठी आणि रिकाम्या डब्यांवर नेम धरण्याच्या करमणुकीसाठी लिव्हर-ॲक्शनची, म्हणजे चापाखालची दांडी खाली-वर करून पुढचे काडतूस चढवण्याची, लहान काडतुसाची .२२ रिमफायर रायफल घ्यावी, असा सल्ला दिलेला होता. सल्ला योग्यच आहे. मात्र ती कशी निवडावी हे सांगताना लेखकाने पितळी चकाकी, काडतुसांची संख्या आणि काउबॉयच्या चित्रपटांची आठवण यांवरच सगळा भर दिला, आणि ज्या गोष्टींवर ही निवड खरोखर अवलंबून असते त्या जवळजवळ सगळ्या वगळल्या. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि ही रायफल वापरतो, म्हणून हे पत्र.

खारीच्या शिकारीचा उल्लेख वाचून अनेक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, हे मी समजू शकतो. ज्या समाजाने खारीच्या पाठीवर रामाची बोटे पाहिली आणि ज्या राज्याने शेकरूला राज्यप्राणी ठरवले, तिथे हे रुचणे अवघड आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर आपल्याकडे असा शौक कायद्यानेच संपलेला आहे. येथील करडी खार मात्र चांगली अर्ध्या किलोच्या घरातली असते, ओक आणि हिकरीच्या रानांत विपुल आढळते, आणि तिची शिकार परवाना, हंगाम आणि दिवसाला सहा अशी मर्यादा पाळून, खाण्यासाठी केली जाते. ज्याला ते मान्य नसेल त्याने डब्यांवर समाधान मानावे. रायफल तीच लागते.

या रायफलीत वापरले जाणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक जिंकले ते याच काडतुसावर, आणि तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या त्याही याच काडतुसावर. अर्थात त्यांच्या रायफली एकेक गोळी भरण्याच्या, बोल्टच्या आणि अत्यंत काटेकोर असतात. त्या अचूकतेची अपेक्षा लिव्हर रायफलीकडून करू नये. पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या, तरी खारीच्या डोक्यावर नेम धरण्याइतकी ती पुरेशी नेमकी आहे.

लिव्हरचा खरा गुण लेखात आलाच नाही. अर्धस्वयंचलित रायफलीत पुढचे काडतूस चढवण्याचे काम आधीच्या काडतुसाचा जोर करतो, त्यामुळे मंद काडतूस घातले की ती अडखळते. लिव्हरमध्ये हे काम आपला हात करतो, म्हणून बहुतेक लिव्हर रायफलींत शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही कमी-जास्त जोराची तिन्ही काडतुसे चालतात. ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ११२५ फुटांपेक्षा, मंद जाणारी गोळी वेगवान गोळीसारखा तडाख्याचा आवाज करीत नाही. रानात एका बारानंतर सगळ्या खारी ढोलीत पळत नाहीत आणि शेजारीही वैतागत नाहीत. आमच्या राज्यात तर शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालतच नसे. लहान प्राण्यांसाठी ती मुभा २०१७ मध्ये मिळाली. त्यामुळे जुन्या घरांत लिव्हरच्या रायफली पिढ्यान्‌पिढ्या आढळतात, आणि त्यामागे सिनेमापेक्षा कायद्याचा वाटा बराच मोठा आहे.

आता निवडीकडे येतो. दुकानात गेल्यावर सर्वप्रथम पाहावे ते दस्त्याचे माप. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर हेन्री कंपनीच्या साध्या एच-००१ मध्ये १४ इंच आहे, ब्राउनिंगच्या बीएल-२२ मध्ये साडेतेरा, तर हेन्रीच्याच मुलांसाठीच्या नमुन्यात १३. सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीने जाड हिवाळी कोट घालून १४ इंचांचा दस्ता खांद्याला लावला की मान ताणली जाते, गाल लाकडावर नीट टेकत नाही आणि नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बसेपर्यंत खार फांदीच्या पलीकडे गेलेली असते. आपल्या घरातल्या बायकामुलांनीही ती वापरायची असेल, तर हा एक इंच नळीच्या लांबीपेक्षा आणि कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे. म्हणून कोट घालूनच दुकानात जावे, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, आणि डोळे उघडल्यावर माशी आपोआप समोर दिसते का ते पाहावे.

लेखात जिची स्तुती आहे ती हेन्रीची ‘गोल्डन बॉय’ दिसायला देखणी आहे, यात वाद नाही. पण तिची अष्टकोनी नळी भारी पडते आणि तिचे वजन तीन किलोंच्या वर जाते. साधी एच-००१ सव्वादोन-अडीच किलोंतच आटोपते. शिवाय एच-००१ च्या माथ्यावर दुर्बीण बसवण्याच्या खाचा तयार असतात, तर ‘गोल्डन बॉय’वर दुर्बीण लावायची तर नळीवरून मागे येणारी वेगळी पट्टी बसवावी लागते. ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना हा फरक लवकरच जाणवतो, कारण उघड्या माशी-खाचेवर नेम धरताना खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणे त्या वयात बंद होते. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की, १८६० चे पेटंट असलेल्या बेंजामिन टायलर हेन्री यांच्या रायफलीशी आजच्या कंपनीचे नाते केवळ नावापुरते आहे. ही कंपनी १९९० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सुरू झाली. रायफल त्यामुळे वाईट ठरत नाही, पण इतिहासासाठी जादा पैसे मोजू नयेत.

माझी स्वतःची पसंती बीएल-२२ ला आहे. जपानमधील मिरोकूच्या कारखान्यात बनणाऱ्या या रायफलीचा लिव्हर अवघा ३३ अंश फिरतो आणि चाप लिव्हरबरोबरच खाली जातो, त्यामुळे नोव्हेंबरच्या थंडीत जाड हातमोजा घातलेला असतानाही बोट मध्ये चिमटत नाही. किंमत मात्र हेन्रीच्या साध्या रायफलीहून बरीच चढी आहे, आणि पहिल्याच खरेदीत एवढा खर्च करावा असे मी कोणाला सांगणार नाही. जुन्या बाजारात मार्लिनची ३९-ए किंवा १९७२ ते २००५ या काळात बनलेली विंचेस्टरची ९४२२ चांगल्या अवस्थेत मिळाली, तर ती पाहिल्याशिवाय सोडू नये. ३९-ए चा एक स्क्रू हाताने सोडवला की रायफलीचे दोन भाग होतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. रोजच्या वापरात या सोयीचे मोल फार मोठे आहे.

‘ताकद जास्त’ म्हणून .२२ मॅग्नम घ्यावी, हा लेखातील सल्ला मला सर्वस्वी अमान्य आहे. मॅग्नमचे काडतूस वेगळ्या मापाचे, त्यामुळे त्या रायफलीत साधे लाँग रायफल चालत नाही; ते कितीतरी महाग पडते, आणि खारीसारख्या लहान प्राण्याचे खाण्याजोगे मांस त्याने फुकट जाते. डब्यांवर तासन्‌तास नेम धरायचा असेल तर ते परवडणारही नाही.

नळीखालच्या, काडतुसे साठवणाऱ्या मॅगझिनबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे होते, कारण नवख्यांची फसगत तिथे होते. या रायफलीत आतली पितळी नळी फिरवून वर ओढतात, काडतुसे खाचेतून एकेक सोडतात आणि नळी पुन्हा खाली ढकलून अडकवतात. हे सगळे हात बंदुकीच्या तोंडाजवळ नेऊन करावे लागते. म्हणून लिव्हर उघडा ठेवावा, आत काडतूस नाही हे आधी पाहावे आणि तळहात तोंडासमोर येऊ देऊ नये. रिकामी करताना घोटाळ्याचा संभव अधिक. पितळी नळी पूर्ण काढून काडतुसे ओतली म्हणजे रायफल रिकामी झाली असे नसते. एखादे काडतूस वर चढवणाऱ्या यंत्रणेत किंवा थेट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातील काडतूस बसण्याच्या जागेत, राहू शकते. लिव्हर चार-पाच वेळा पूर्ण फिरवावा, मग आत डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. वर केलेला घोडा (काडतुसावर आघात घडवणारा भाग) अंगठ्याने सावकाश खाली सोडण्याची कसरत गारठलेल्या बोटांनी करू नये. चालताना चेंबर रिकामेच ठेवावे, खार दिसल्यावर लिव्हर फिरवायला एक क्षण पुरतो.

काडतुसांच्या खोक्यावर ‘पल्ला दीड मैल’ असा इशारा छापलेला असतो, तो शोभेसाठी नाही. ही बारीक शिशाची गोळी दगडावर, गोठलेल्या जमिनीवर किंवा पाण्यावर आदळली की उसळी घेऊन भलत्याच दिशेला जाते. डबे मातीच्या उंच बांधापुढेच मांडावेत, आणि खार फांदीवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेली असेल तर बार करू नये. मागे झाडाचे जाड खोड असेल तेव्हाच करावा.

शेवटचा मुद्दा कायद्याचा आहे आणि आपल्या वाचकांच्या मुलाबाळांना तो थेट लागू पडतो. लेखात ‘अमेरिकेत कोणीही दुकानात जाऊन रायफल घेऊ शकतो’ असे विधान आहे. ग्रीन कार्डधारकाला पार्श्वभूमीची तपासणी होऊन ती घेता येते हे खरे; परंतु एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस नुसते जवळ बाळगणे हाही संघराज्याचा फौजदारी गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकार-परवाना. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. १ जुलैला तो नूतनीकृत नसेल तर कपाटातली रायफल बाळगण्याचा आधारच जातो. मित्राची रायफल शूटिंग रेंजवर सहज हातात घेणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. पुरवणीच्या पुढील अंकात इतर काही नाही तरी या एका विधानाची दुरुस्ती ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया